पोटमाळ्यावरचा एक उंदीर गेला की दुसरा कोठून येतो?

खानापूर तालुक्यातील एका भातउत्पादक शेतकऱ्याने विचारले आहे की, पोटमाळ्यावर रचलेल्या भाताच्या पोत्यांजवळ पिंजरा लावून उंदीर पकडला, तरी आठवडा उलटण्याच्या आत त्याच कोपऱ्यात, त्याच तुळईवर दुसरा उंदीर फिरू लागतो आणि बांधावरच्या बिळांचाही अनुभव तोच आहे. जागा रिकामी झाल्याचे उंदरांना कळते काय, कळत असल्यास कसे, आणि बाजारात मिळणाऱ्या आवाजाच्या यंत्राचा किंवा घरात मांजर पाळण्याचा काही उपयोग होतो काय, असे त्यांचे पुढचे प्रश्न आहेत. बेळगाव, खानापूर, निपाणी आणि चिकोडी या भागांत उंदीर नियंत्रणाचे काम करताना हेच प्रश्न मला वारंवार विचारले जातात, म्हणून थोडे विस्ताराने लिहितो.

होय, उंदराला जागा रिकामी झाल्याचे कळते, आणि त्यासाठी आधीचा मालक जागेवर नाही हे त्याला डोळ्यांनी पाहावेही लागत नाही. तथापि आपण ज्यांना सरसकट उंदीर म्हणतो त्यांत वेगवेगळ्या सवयींचे अनेक प्राणी येतात, हे आधी ध्यानात घेतले पाहिजे. कौलारू घरांच्या आढ्यावर धावतो तो लांब शेपटीचा मोठा काळा उंदीर वेगळा, पोत्यांच्या फटीत राहणारा अंगठ्याएवढा लहान घरउंदीर वेगळा, बांधावरचा लहान शेतउंदीर वेगळा, आणि उसात व भातात मोठी बिळे पाडणारी घुशीची धाकटी जात वेगळी. चिचुंद्री तर उंदीरच नव्हे, ती किडे खाणारी आहे आणि तिला मारण्याचे कारण नाही. वासाविषयी मी पुढे जे लिहितो त्यातील बहुतेक माहिती लहान घरउंदरावरील अभ्यासातून आलेली आहे. इतर जातींना ती तपशिलासह जशीच्या तशी लागू करू नये, तत्त्व मात्र सगळीकडे सारखे आहे.

उंदीर रात्री फिरतो आणि त्याची नजर अधू असते. त्यामुळे जवळची जागा तो मिशांनी वाचतो. चालताना त्याच्या मिशा सेकंदाला दहाहून अधिक वेळा पुढेमागे हलत असतात, आणि प्रत्येक मोठ्या मिशीसाठी मेंदूत पेशींचा स्वतंत्र पुंजका राखलेला असतो, हे १९७० साली उंदराच्याच मेंदूत प्रथम दाखवले गेले. एका बाजूच्या मिशा भिंतीला टेकलेल्या असल्या म्हणजे त्याला अंधारात वेगाने धावता येते. मोकळ्या जागेतून आडवे जाणे तो होईल तेवढे टाळतो. आपल्या पोटमाळ्यावर तुळईच्या वरच्या कडेला आणि भिंतीलगत बारीक चाळलेली राख संध्याकाळी पातळ पसरून ठेवा. सकाळी पावलांच्या खुणा भिंतीपासून चार बोटांच्या आत ओळीने उमटलेल्या दिसतील, मध्येच शेपटीची रेघ दिसेल, आणि माळ्याचा मधला भाग जवळजवळ कोरा असेल. मोठ्या उंदराच्या जुन्या वाटेवर अंगाच्या तेलकटपणाने काळसर पट्टाही बसतो. ही वाट त्याला पाठ असते, इतकी की वाटेवर एखादी वीट नव्याने ठेवली तर मोठा उंदीर रात्र-दोन रात्री तिच्यापासून लांब राहतो; लहान घरउंदीर मात्र नव्या वस्तूजवळ लगेच येऊन तिचा वास घेतो. पिंजरा लावताना या फरकाला फार महत्त्व आहे, त्याकडे नंतर येतो.

आता वासाकडे वळू, कारण मूळ प्रश्नाचे उत्तर तेथे आहे. उंदराला वास घेण्याची दोन वेगळी इंद्रिये आहेत. एक आपल्यासारखेच, हवेतील वास टिपणारे. दुसरे नाकाच्या तळाशी असलेली एक नळी, जिच्यात नाक वस्तूला टेकवल्यावर ओलसर द्रव्य ओढून घेतले जाते. जे पदार्थ हवेत उडत नाहीत त्यांची ओळख या नळीने पटते. नर उंदराच्या मूत्रात प्रथिने मोठ्या प्रमाणात असतात. माणसाच्या मूत्रात एवढे प्रथिन आढळले तर डॉक्टर मूत्रपिंडाच्या तपासण्या लिहून देतील, पण उंदराच्या बाबतीत तो आजार नव्हे. ही प्रथिने यकृतात मुद्दाम तयार होऊन मूत्रावाटे बाहेर टाकली जातात. त्यांच्या रचनेत एक पोकळी असते, तीत उडून जाणारे वासाचे कण अडकून राहतात आणि हळूहळू सुटत राहतात, त्यामुळे थेंब वाळल्यानंतरही त्याचा वास बराच काळ टिकतो. शिवाय या प्रथिनांच्या अनेक प्रकारांपैकी कोणते, किती प्रमाणात असावेत हे रानटी उंदरांत प्राण्यागणिक बदलते, म्हणून वाळलेल्या डागाला नाक टेकवणाऱ्या उंदराला येथे एक नर येऊन गेला एवढेच नव्हे, तर कोणता नर येऊन गेला हेही समजते.

जागेचा मालक असलेला नर हे थेंब आपल्या सगळ्या हद्दीत, प्रत्येक वाटेवर आणि विशेषतः उंचवट्यांवर, रात्रभर टाकत फिरतो. १९७३ साली प्रसिद्ध झालेल्या एका प्रयोगात दोन नरांना जाळीच्या दोन बाजूंना ठेवून त्यांच्या खाली कागद अंथरले होते. वरचढ ठरलेल्या नराच्या कागदावर सर्वत्र बारीक ठिपके उमटले, आणि हरलेल्याने एखाद-दुसऱ्या कोपऱ्यातच मोठे डाग केले होते. दबलेला नर मुद्दाम खुणा करीत नाही, कारण खुणा केल्या की मालकाला त्याचा पत्ता लागतो आणि मार बसतो. मालकाच्या हद्दीत परक्याचा ताजा थेंब पडला तर मालक लगेच त्याच्या शेजारी किंवा त्याच्यावर आपला थेंब टाकतो. मादी हे सगळे वाचते. ज्या नराच्या खुणा सर्वत्र आहेत आणि सर्वांत ताज्या आहेत, त्याच्याकडे तिचा ओढा असतो. नराच्या मूत्रातील एक विशिष्ट प्रथिन, ज्याला २०१० साली ‘डार्सिन’ असे नाव दिले गेले, मादीला त्या नराचा वेगळा वास आणि तो जेथे भेटला ती जागा या दोन्ही गोष्टी लक्षात ठेवायला लावते.

जमिनीच्या पहाणी उताऱ्यावर पिकाची नोंद जशी दरसाल नव्याने व्हावी लागते, तसे उंदराला आपले नाव दर रात्री चढवावे लागते. आपण पिंजऱ्यात मालक नर धरून नेला की त्याच्या खुणा त्या रात्रीपासून शिळ्या होऊ लागतात. आजूबाजूच्या उंदरांना त्या नाकाने समजतात, शिळ्या झाल्याचे कळते, आणि त्यांच्या जोडीला नव्या खुणा पडत नाहीत हेही कळते. आता त्या जागेकडे यायला टपलेले उंदीर कोठून येतात, हे पाहू. लहान घरउंदरांची वस्ती बहुधा एक वरचढ नर, काही माद्या, त्यांची पिले आणि दबून राहिलेले काही नर अशी असते आणि धान्य मुबलक असेल तर तिची सारी हद्द काही मीटरांतच आटोपते. गर्भ सुमारे १९ ते २१ दिवसांचा, एका वेतात पाच-सहा पिले आणि ती दीड-दोन महिन्यांत वयात येणारी. त्यामुळे वयात आलेले तरुण नर सतत बाहेर ढकलले जात असतात. ते भिंतीच्या पलीकडे, गोठ्याच्या छपरात, शेजारच्या माळ्यावर, गवताच्या गंजीत असे राहतात आणि फिरता फिरता आपल्या तुळईच्या टोकापर्यंत येऊन वास घेऊन परत जात असतात. आपल्याला आठवड्याने दिसलेला ‘नवा’ उंदीर बहुतेक वेळा आधीपासूनच चार-सहा मीटरांवर राहत असतो.

दोन नर समोरासमोर आले तर काय होते, हे पाहायचे असल्यास बॅटरीच्या काचेवर लाल जिलेटीनचा कागद लावून अंधारात शांत बसावे. उंदराच्या डोळ्यात रंग ओळखणाऱ्या पेशी दोनच प्रकारच्या असतात, एक हिरव्याच्या आसपास आणि दुसरी आपल्याला मुळीच न दिसणाऱ्या अतिनील प्रकाशासाठी. मंद लाल उजेड त्याला जवळजवळ जाणवत नाही. मालक परक्याकडे सरळ जात नाही, अंग आडवे धरून, पाठीवरचे केस फुलवून कडेकडेने सरकतो, आणि त्याची शेपटी फळीवर इतक्या वेगाने आपटते की कोरड्या पाचोळ्यात काही सळसळावे तसा बारीक आवाज येतो. परका बहुतेक वेळा येथूनच पळतो. नाही पळाला तर दोघे मागच्या पायांवर उभे राहून पुढच्या पंजांनी ढकलाढकल करतात, आणि हरणारा वळून पळू लागला की त्याच्या ढुंगणावर आणि शेपटीवर चावे बसतात. पिंजऱ्यात सापडलेल्या नराच्या पाठीच्या मागच्या बाजूस खपल्या दिसल्या तर तो दबलेला नर आहे असे समजावे, म्हणजे मालक अजून माळ्यावरच आहे. ही खूण तपासण्याची सवय मी माझ्याबरोबर काम करणाऱ्या मुलांना आधी लावतो.

स्पर्धेचा सर्वांत कठोर भाग पिलांशी संबंधित आहे. परका नर जागेचा मालक झाला की आधीच्या नराची दूध पिणारी पिले तो बहुधा मारून टाकतो. स्वतःचीच पिले मारू नयेत म्हणून त्याच्यात एक विलक्षण व्यवस्था आहे: मादीशी संग झाल्यानंतर सुमारे तीन आठवड्यांनी, म्हणजे पिले जन्मण्याच्या सुमारास, त्याची मारण्याची वृत्ती ओसरते आणि पिले अंगावरून सुटेपर्यंत ती परत येत नाही. दिवस-रात्रीच्या चक्रांची लांबी कृत्रिम प्रकाशाने बदलून पाहिल्यावर असे आढळले की नर तासांऐवजी ही चक्रे मोजतो. गर्भार मादीवरही परक्या नराचा परिणाम होतो. हिल्डा ब्रूस या ब्रिटिश संशोधिकेने १९५९ साली दाखवले की नुकताच संग झालेल्या मादीला अनोळखी नराच्या नुसत्या वासाच्या सान्निध्यात ठेवले, तरी तिचा गर्भ रुजत नाही आणि ती पुन्हा माजावर येते. हे प्रयोगशाळेतील पिंजऱ्यात दिसलेले आहे. आपल्या माळ्यावर ते किती वेळा घडते याचा हिशेब मांडण्याचा मोह मी टाळतो.

आवाजाच्या यंत्राविषयी माझे मत स्पष्ट आहे: पैसे घालवू नका. उंदरांना माणसाच्या सेकंदाला २० हजार कंपनांच्या मर्यादेच्या कितीतरी पलीकडचे, ८०-९० हजार कंपनांपर्यंतचे आवाज ऐकू येतात हे खरे आहे, उघड्यावर पडलेली पिले अशाच आवाजात आईला हाक मारतात, आणि मादीच्या वासाने उत्तेजित झालेला नर या उंच सुरांत लांबलचक आलाप घेतो असे २००५ साली ध्वनिमुद्रणाने सिद्ध झाले आहे. पण एवढे उंच आवाज हवेत लवकर विरतात, पोत्याआड आणि भिंतीआड जात नाहीत, आणि ज्या आवाजामागून कधीच कोणी झडप घालीत नाही तो आवाज उंदीर काही रात्रींत मनावर घेईनासा होतो. मांजराचे थोडे निराळे आहे. मांजराच्या लाळेतील एक प्रथिन उंदराच्या त्या दुसऱ्या इंद्रियाला समजते आणि मांजर कधीही न पाहिलेला उंदीरही त्याने बिथरतो, त्यामुळे मांजराची ये-जा असलेल्या खोलीत उंदीर बिचकून वागतात. शिकारही होते. वस्ती मात्र संपत नाही, कारण मांजर जेथे पोहोचत नाही त्या फटी उंदरांच्याच असतात.

शेतात या भीतीचा उपयोग अधिक होतो. २०१३ साली अमेरिकेत झालेल्या एका प्रयोगात उंदराच्या डोक्यावरच्या पडद्यावर एक काळी चकती झपाट्याने मोठी होत जाताना दाखवली, तेव्हा उंदीर कोणत्याही शिकवणुकीशिवाय आडोशाला पळाले किंवा जागीच थिजले. वरून उतरणारा पक्षी त्यांना असाच दिसत असणार. आपल्या शिवारात कापशी घार दिवसा आणि गव्हाणी घुबड रात्री हे काम करते, म्हणून भाताच्या आणि सोयाबीनच्या शेतात पक्षीथांबे रोवावेत, आणि बांधावरचे गवत कापून जमीन उघडी ठेवावी. चांदण्या रात्री उघड्यावर येण्याचे उंदीर टाळतात, आणि आडोसा जवळ नसला की अंधारातही कमी हिंडतात.

शेतातल्या बिळांविषयी विचारले आहे, तर आपल्या भागातील जमिनीचा फरक लक्षात घेतला पाहिजे. धारवाडकडे असलेल्या वॉल्टर इलियट या कंपनी सरकारच्या अधिकाऱ्याने त्या वेळच्या ‘दक्षिण मराठा मुलुखा’तील, म्हणजे बेळगाव-धारवाड भागातील, सस्तन प्राण्यांची यादी १८३९ साली प्रसिद्ध केली, तीत या गोष्टी बारकाईने टिपल्या आहेत. काळ्या जमिनीत राहणारा मऊ केसांचा शेतउंदीर स्वतः फारसे बीळ खणत नाही. दगडांच्या ढिगात, घुशीच्या सोडलेल्या बिळात किंवा उन्हाळ्यात पडलेल्या भेगांत राहतो, आणि पाऊस पडून भेगा मिटल्या की मोठ्या संख्येने त्यांत गाडला जातो. १८२६ साली सुरुवातीचा पाऊस कमी झाला, भेगा मिटल्या नाहीत, आणि हे उंदीर इतके वाढले की त्यांनी पेरलेले बी खाल्ले, पुढे जोंधळ्याच्या ताटांवर चढून कणसे तोडली. शेतकऱ्यांनी वडारांना धान्याची मापे देऊन हजारोंनी उंदीर मारवले, तरी संख्या घटल्याचे जाणवले नाही, असे इलियटने नोंदवले आहे. आपल्या प्रश्नाचे ते सर्वांत जुने स्थानिक उदाहरण म्हणता येईल. तांबड्या, खडकाळ मातीत राहणाऱ्या काटेरी केसांच्या लहान उंदराची ओळखही त्याच यादीत आहे: बिळाच्या तोंडाशी तो बारीक खडे गोळा करून ठेवतो आणि आत असताना दार खड्यांनी बंद करतो. खानापूरच्या बाजूच्या उतारांवर अशी खड्यांची रास पाहून बीळ ओळखावे. हा उंदीर पिकाचे विशेष नुकसान करीत नाही.

बांधावरच्या लहान शेतउंदरावर आपल्याच देशात, मदुराईच्या विद्यापीठात, उत्तम काम झाले आहे. बिळातल्या अंधारात वाढणाऱ्या पिलांना दिवस-रात्र कशी कळते, हा प्रश्न तेथील संशोधकांनी घेतला होता, आणि १९८५ साली त्यांनी दाखवले की आईचे ठरावीक वेळी बिळात असणे आणि नसणे यावरच पिलांचे अंतर्गत घड्याळ लागते. म्हणजे पहिल्यांदा बीळ सोडून बाहेर येणारे पिलू रात्रीची वेळ आधीच शिकून आलेले असते.

कोणते बीळ वापरात आहे, हे शोधायला जुनी रीत सर्वांत चांगली: संध्याकाळी बांधावरची सगळी बिळे ओल्या मातीने बुजवावीत आणि सकाळी जी उकरलेली दिसतील तीच जिवंत समजावीत. धाकट्या घुशीच्या बिळात बहुधा एकच प्रौढ प्राणी असतो, तो दुसऱ्याला आत येऊ देत नाही, डिवचल्यास केस फुलवून गुरगुरतो. पण तो मेला की तयार बीळ आणि आतला धान्याचा साठा शेजारच्याच्या हाती आयता पडतो. म्हणून रिकामे झालेले बीळ नुसते बुजवून भागत नाही, खणून मोडावे लागते.

विषाच्या आमिषाबाबत दोन गोष्टी सांगतो. उंदीर घरी परतलेल्या सोबत्याच्या तोंडाचा वास घेतो, आणि श्वासातील कार्बन डायसल्फाइड या वायूच्या सोबतीने जो अन्नाचा वास येतो ते अन्न खाण्यास योग्य आहे असे शिकतो. यामुळेच साधे, बिनविषारी धान्य दोन-तीन रात्री आधी ठेवले तर त्याची ‘शिफारस’ वस्तीभर पसरते आणि नंतर ठेवलेले झिंक फॉस्फाईडचे आमिष बरेच जण खातात. आधी साधे धान्य न देता थेट विष ठेवले, तर उंदीर ते चाखून पाहतो, थोड्या मात्रेने आजारी पडून वाचतो, आणि पुढे ती चव कित्येक दिवस टाळतो. ब्रोमॅडिओलोनसारखी रक्त गोठू न देणारी विषे काही दिवसांनी काम करतात, त्यामुळे आजाराचा संबंध खाण्याशी जोडणे उंदराला जमत नाही. ॲल्युमिनियम फॉस्फाईडच्या गोळ्या घरात किंवा राहत्या जागेजवळ कधीही वापरू नयेत. त्यांचा वायू माणसालाही तितकाच मारतो.

आता आपल्या पोटमाळ्यापुरते सांगायचे तर एक पिंजरा एका कोपऱ्यात ठेवण्याऐवजी सहा-आठ पिंजरे एकाच रात्री, दोन-तीन मीटरांच्या अंतराने, तोंड भिंतीलगतच्या वाटेवर येईल असे ठेवावेत, कारण लहान घरउंदीर रात्रीत अनेक ठिकाणी थोडे थोडे खातो आणि लांब जात नाही. मोठा काळा उंदीर असेल तर पिंजरे आधी दोन-तीन रात्री दार बांधून, आत खाणे ठेवून तसेच राहू द्यावेत. पिंजरा दर वेळी घासूनपुसून नवा करण्याची गरज नाही. आधीच्या उंदराचा वास लागलेल्या पिंजऱ्यात दुसरा लवकर शिरतो असा माझा अनुभव आहे. याउलट तुळया आणि भिंतीच्या कडा मात्र साबणाच्या पाण्याने धुवून काढाव्यात, म्हणजे पाठ असलेली वाट मोडते. पोती भिंतीपासून हातभर लांब, फळ्यांवर रचावीत, आणि सहा मिलिमीटरपेक्षा मोठी प्रत्येक फट पत्रा किंवा सिमेंट लावून बंद करावी. तेवढ्या फटीतून लहान उंदीर आत येतो. शेजारचा माळा आणि गोठा याच आठवड्यात हाती घेतला नाही तर पुन्हा पहिल्यापासून सुरू करावे लागेल, म्हणून दोन्ही घरांनी मिळून तारीख ठरवावी, आणि शेतासाठी पेरणीपूर्वीचा मे-जूनचा काळ धरावा, कारण त्या वेळी उंदीर कमी असतात आणि बिळे उघडी दिसतात.

धुण्याचे काम करताना रबरी हातमोजे घालावेत आणि पायाला जखम असल्यास भाताच्या चिखलात अनवाणी उतरू नये. ज्या मूत्राविषयी इतके लिहिले त्यातूनच लेप्टोस्पायरोसिसचे जंतू पसरतात. चिखलातील कामानंतर काही दिवसांत ताप, अंगदुखी आणि लाल डोळे दिसले तर डॉक्टरांना शेतातील कामाची माहिती आवर्जून द्यावी.